मोठी डेटाबेस फाइल शेअर्ड होस्टिंगवर चढवायचीय: पीएचपीमायॲडमिन, बिगडंप की एसएसएच?

आधी फाइल केवढी आहे ते बघा, अर्धा निर्णय तिथंच होतो. पाच-दहा एमबीची असेल तर सीपॅनेलमधून (होस्टिंगचं कंट्रोल पॅनेल) पीएचपीमायॲडमिन (ब्राउझरमधून डेटाबेस हाताळायचं साधन) उघडा, डावीकडं डेटाबेस निवडा, इम्पोर्ट करा, झालं काम, पुढचं वाचायचीही गरज नाही.

त्याहून मोठी असेल तर अपलोडची मर्यादा आडवी येते. पीएचपीची (साइट ज्या भाषेवर चालते ती) मूळची 2 एमबी असते, होस्टिंगवाले वाढवून देतात, किती ते इम्पोर्टच्या पानावरच लिहिलेलं दिसतं. ही मर्यादा अपलोड होणाऱ्या फाइलला लागते, त्यामुळं आधी जीझिप करून, म्हणजे फाइल आवळून लहान करून, बघा, नुसता टेक्स्ट असतो म्हणून चांगलीच आवळते.

पण फाइल आत गेली म्हणजे सगळा डेटा आला असं नाही. आमच्या वाचनालयाची वर्डप्रेस साइट हलवताना 140 एमबीची फाइल जीझिप करून 22 वर आली, चढवली, मधेच टाइमआउट झालं (वेळ संपून काम थांबलं), तरी साइट उघडली आणि लेखही दिसले म्हणून मला वाटलं आलं सगळं, आणि मग लॉगिनच होईना. तासभर पासवर्ड टाकत बसलो. शेवटी टेबलं मोजली, जुन्या सर्व्हरवर 12, इथं 10. डंपमध्ये, म्हणजे एक्स्पोर्ट केलेल्या डेटाबेस फाइलमध्ये, टेबलं नावाच्या अक्षरक्रमानं येतात आणि युजर्सची दोन टेबलं अगदी शेवटी, तीच राहिलेली. तेव्हापासून इम्पोर्ट झालं की पहिल्यांदा टेबलं मोजतो.

असं टाइमआउट होत असेल तर बिगडंप. एकच पीएचपी फाइल आहे, तिच्यात डेटाबेसचं नाव-पासवर्ड भरायचं, डंपसोबत एफटीपीनं (सर्व्हरवर फाइली पाठवायची पद्धत) चढवायची आणि ब्राउझरमध्ये उघडायची, मग ती तुकड्या-तुकड्यानं डेटा भरत जाते. फक्त एक्स्पोर्ट करताना एक्स्टेंडेड इन्सर्ट (एकाच क्वेरीत अनेक नोंदी) बंद ठेवा, नाहीतर लांबलचक क्वेरीवर अडकते, आणि बिगडंपमध्ये कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) भरायला विसरू नका. काम झालं की दोन्ही फाइली लगेच डिलीट करा, कृपा करून, पब्लिक एचटीएमएलमध्ये (साइटचं सगळ्यांना उघडं फोल्डर) पडलेला डंप पत्ता ओळखणारा कुणीही उतरवून घेऊ शकतो.

एसएसएच (सर्व्हरवर थेट कमांड चालवायची सोय) मिळत असेल तर मात्र माझं मत सरळ त्याच्याच बाजूनं. ना अपलोड मर्यादा, ना ब्राउझरचा टाइमआउट, एका ओळीची कमांड, आणि चूक झाली तर कितव्या ओळीवर ते सांगते. स्वस्त प्लॅनमध्ये बऱ्याचदा बंद असतं, पण सपोर्टला विचारून बघा, काही ठिकाणी मागितल्यावर चालू करून देतात. कमांडची भीती वाटत असेल तरच बिगडंप.

कुठल्याही रस्त्यानं गेलात तरी कोलेशन (अक्षरांची तुलना आणि क्रम लावायचा नियम) बघा. माय-एसक्यूएल 8 वरून काढलेल्या डंपमध्ये 0900 वालं कोलेशन असतं, जुन्या मारियाडीबीला (माय-एसक्यूएलसारखाच डेटाबेस, बऱ्याच होस्टिंगवर असतो) ते कळत नाही आणि 1273 नंबरची एरर येते, मग एडिटरमध्ये ते नाव बदलून युनिकोड सीआय करायचं. आणि मराठी साइट असेल तर दोन-चार जुने लेख उघडून वाचा, अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हं दिसली तर तो डेटाबेस रिकामा करून यूटीएफ8एमबी4 हा कॅरेक्टर सेट लावून परत भरा, कारण प्रश्नचिन्हं एकदा टेबलात बसली की त्यातून मूळ अक्षरं परत काढता येत नाहीत, आणि म्हणूनच जुना सर्व्हर तोपर्यंत बंद करू नका.