मँचेस्टर ज्यूइश म्युझियम: आठ महिने, सात कार्यक्रम

पुण्यात लहानाची मोठी झाले, पण लाल देवळात, म्हणजे तिथल्या सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनास्थळात), कधी पाय ठेवला नाही. रिक्षातून मनोरा दिसायचा, कुणीतरी ‘हे ज्यूंचं’ म्हणायचं, विषय संपायचा. इथे मँचेस्टरमध्ये मात्र आठ महिन्यांत ज्यूइश म्युझियमच्या सात कार्यक्रमांना जाऊन आले. पहिल्यांदा गेले ती काही संस्कृतीच्या ओढीने नव्हे. बाहेर पाऊस होता आणि तिथला कॅफे शाकाहारी आहे असं कळलं होतं.

व्हिक्टोरिया स्टेशनपासून चीटम हिल रोडने पंधराएक मिनिटं चालायचं. वाटेत होलसेल कपड्यांची दुकानं, दारात रचलेले खोके. मग गंजलेल्या रंगाच्या नक्षीदार लोखंडी पत्र्यांची नवी इमारत आणि तिला खेटून लाल विटांचं १८७४ सालचं सिनेगॉग. शहरात टिकून राहिलेल्या सिनेगॉगच्या इमारतींत ही सगळ्यात जुनी. १९८४ पासून तिथे संग्रहालय आहे. नवी बाजू जोडून २०२१ मध्ये ते पुन्हा उघडलं.

सिनेगॉग बांधलं सेफार्दी ज्यूंनी, म्हणजे ज्यांचे पूर्वज १४९२ मध्ये स्पेनमधून हाकलले गेले, त्या परंपरेच्या लोकांनी. सीरिया, मोरोक्को, तुर्कस्तान अशा ठिकाणांहून हे व्यापारी आले ते मँचेस्टरचं सुती कापड आपापल्या मुलखात पाठवायला. हे ऐकलं आणि ससून घराण्यातले ज्यू व्यापारी आठवले. तेही बगदादहून मुंबईत येऊन कापसाच्या व्यापारात उतरले होते आणि पुण्याचं लाल देऊळ डेव्हिड ससून यांच्याच पैशाने १८६७ मध्ये उभं राहिलं. दोन्ही इमारतींत जेमतेम सात वर्षांचं अंतर!

सगळ्यात जास्त लक्षात राहिली ती लादिनो गाण्यांची संध्याकाळ. लादिनो म्हणजे स्पेन सोडताना या लोकांनी सोबत नेलेली जुनी स्पॅनिश. तिकडे स्पेनमध्ये भाषा पुढे गेली. इकडे हिच्यात जुने उच्चार राहिले आणि तुर्की, ग्रीक शब्द मिसळले. तंजावरची मराठी ऐकताना कान टवकारतात ना, स्पॅनिश येणाऱ्यांचं तसंच होत असणार. मी वरच्या सज्जात बसले होते, जिथे पूर्वी बायका बसत. गायिकेने एक अंगाईगीत माइक बाजूला ठेवून म्हटलं. रंगीत काचांमधून उरलासुरला उजेड येत होता. एकही शब्द कळला नाही आणि डोळे भरून आले. आई पलीकडे फोनवर असती तर म्हणाली असती, ‘तुला रडायला निमित्त लागतं’.

मध्यंतरात शेजारच्या स्वयंसेवक आजींनी विचारलं, ‘भारतातली ना? मग कोचीनचे ज्यू माहीत असतील.’ म्हटलं, आजी, कोचीन लांब राहिलं, आमच्या कोकणातले बेने इस्रायल घरात मराठी बोलतात. तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. पेणकर, रोहेकर अशी आडनावं. १८८० च्या सुमारास तर त्यांनी बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तनं सुरू केली. ‘कीर्तन’ हा शब्द आजींनी तिकिटामागे लिहून घेतला. माझ्याकडची माहिती तिथेच संपली. उरलेली घरी येऊन रात्री दोनपर्यंत वाचली.

हाल्लाची कार्यशाळाही छान. शब्बाथ म्हणजे ज्यूंचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस; त्याचा हा पाव वेणीसारखा वळतात. पीठ मळण्यात माझी फजिती झाली, पण वेणी पहिल्या फटक्यात जमली, शाळेत जाताना दोन वेण्या घातल्याचं सार्थक. पिठाचा छोटा गोळा आधी बाजूला काढायची प्रथा आहे. ते पाहून आजीची चित्राहुती आठवली.

सगळंच भारी असं नाही. शहरात इतरत्रही ज्यू विषयांवर कार्यक्रम होतात. त्यातल्या एका सभागृहात दीड तास स्लाइडवरची वाक्यं वाचून दाखवली, माइक खरखरत होता, वर पार्किंगचे पैसे. तेव्हापासून नियम केलाय: नुसतं व्याख्यान असेल तर नाही, गाणं किंवा हाताने करायचं काही असेल तरच.

भारतातून पाहुणे आले तर आधी सिनेगॉग दाखवा, प्रदर्शन मग. खुर्च्यांवर शांत बसायला दहा मिनिटं ठेवा.

पुढच्या महिन्याची दोन तिकिटं काढली आहेत. नवरा म्हणतो, पाव असेल तर येतो.