जुन्या पिकअपच्या कॅलिपरचा खडखडाट : दुरुस्तीनंतर आठ महिने वापरून

माझी पिकअप 2012 ची. पुढे डिस्क, मागे ड्रम. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून चादरी-टॉवेलचे गठ्ठे उचलायचे, ट्रान्स्पोर्टला टाकायचे, आठवड्यातून एखादी खेप तुळजापूर नाहीतर बार्शी. गाडी किती पळालीय ते मीटरलाही माहीत नाही, तो तीन वर्षांपूर्वीच थांबलाय.

गेल्या दिवाळीनंतर पुढच्या चाकांतून आवाज यायला लागला. पत्र्याच्या डब्यात चिल्लर टाकून हलवावी तसा. एका गॅरेजात म्हणाले, सस्पेन्शनचे बुश गेलेत. बदलले. आवाज तिथंच. मग म्हणाले, पॅड टाका. टाकले. चार दिवस बरे गेले, पाचव्या दिवशी आसरा चौकाच्या अलीकडं पुन्हा तेच. बायको म्हणायची, "तुम्ही आलात हे गल्लीच्या तोंडालाच कळतं, चहा टाकायला बरं पडतं." मधे एकानं पक्कडीनं पॅड धरणाऱ्या क्लिपा वाकवून घट्ट करून दिल्या. ते पंधरा दिवस टिकलं. तोवर पाचेक हजार गेले होते.

गड्ड्याच्या (जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या) आधी एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडं गेलो. त्यानं चाकाला हात लावायच्या आधी सांगितलं, "मालक, खड्ड्यातनं जाताना ब्रेकवर पाय नुस्ता ठिवा. दाबू नका, ठिवा." ठेवला, आणि खडखड गप्प. पाय काढला की पुन्हा सुरू. ब्रेक हलका लागला की पॅड डिस्कला भिडतात, कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा चिमटा) ताणला जातो आणि सैल भागाला हलायला जागा राहत नाही. बुशचा किंवा शॉकअपचा आवाज असा पाय ठेवल्यावर सहसा थांबत नाही. ही परीक्षा फुकट आहे. मी ती आधी केली असती तर बुशचे पैसे वाचले असते.

चाक काढलं. "सतराचा पाना दे बे," तो पोराला म्हणाला, आणि डाव्या ब्रॅकेटच्या (कॅलिपर ज्यावर बसतो त्या चौकटीच्या) बोल्टला पाना लावला तर तो जोर न लावताच अर्धा आटा फिरला. माझ्या पोटात गोळाच आला. याच गाडीतून टनभर माल घेऊन मी घाट उतरत होतो.

आमच्या गाडीत एका पिस्टनचा तरंगता कॅलिपर आहे. पिस्टन आतल्या बाजूनं दाबतो आणि अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड आत ओढतो. म्हणजे सगळा खेळ त्या दोन पिनांचा. डावीकडचं पिनेवरचं रबरी बूट, म्हणजे धूळ-पाणी अडवणारी टोपी, फाटलेलं, आत चिखल, आणि पिन झिजून नखाला लागेल एवढी पायरी पडलेली. उजवीकडं नेमकं उलटं. तिथं कुणीतरी साधं चासी ग्रीस कोंबलं होतं, त्यानं बूट भिजवलेल्या हरभऱ्यासारखं फुगलं होतं आणि पिन जाम. महिन्यापूर्वीचेच पॅड, तरी आतला बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त झिजलेला. एक चाक खडखडणारं, दुसरं अडकणारं. ब्रेक मारल्यावर स्टीअरिंग एका बाजूला का ओढतं, ते तेव्हा कळलं. आणखी एक गंमत म्हणजे दोन्ही पिना सारख्या नसतात. आमच्या गाडीत रबर असलेली पिन खाली बसते. ती आधीच्या कुणीतरी वर टाकली होती.

काम असं झालं. दोन्ही चाकांना नवं पिन-बूट किट, नव्या पॅड क्लिपा आणि सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस, तेही पातळ थर. ब्रॅकेटमध्ये पॅडचे कान बसतात ती जागा तारेच्या ब्रशनं चमकेपर्यंत घासली, कारण तिथल्या गंजावर क्लिप सरळ बसत नाही. कॅलिपर ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळू दिला नाही, तारेनं वर बांधला. पिस्टन मागं दाबताना ब्रेक ऑइलच्या डबीतनं ऑइल वर येतं, ते आधी थोडं काढून घेतलं. रंगावर सांडलं तर रंग जातो. बोल्टला थ्रेडलॉक (आटे सैल होऊ न देणारा गोंद) लावून टॉर्क पान्यानं आवळला. किती आवळायचा तो आकडा प्रत्येक गाडीचा वेगळा, आपापल्या मॅन्युअलात बघा. शेवटी गाडी हलवायच्या आधी पेडल घट्ट होईपर्यंत मारलं, नाहीतर पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही. सगळं मिळून दोन हजाराच्या आत बसलं.

आता आठ महिन्यांचं सांगतो. उन्हाळा बिनबोभाट गेला. 42 अंशांत, भरल्या गाडीनं तुळजापूरचा घाट उतरून खाली थांबलो आणि दोन्ही चाकांजवळ हात नेऊन पाहिला. धग दोन्हीकडं सारखी. आधी उजवं चाक भाजायचं आणि डावं नुसतं कोमट असायचं. पावसाळ्यात मात्र जुलैत डावीकडून चूं चूं यायला लागलं. उघडलं तर वरचं बूट खाचेत नीट बसलंच नव्हतं, त्यातून पाणी शिरलेलं. चूक आमचीच, घाई केली होती. साफ करून, ग्रीस भरून, बूट खाचेत बसवलं आणि बोटानं गोल फिरवून पाहिलं. तेव्हापासून ठीक आहे.

सगळं बरं झालं असं नाही. रिव्हर्स घेऊन ब्रेक मारला की डावीकडून एक "कट्" येतो. पिन नवी असली तरी ब्रॅकेटमध्ये पॅड टेकतो ती जागाच थोडी झिजलीय, त्यामुळं पॅड एका कडेवरून दुसऱ्या कडेला आपटतो. एकानं वेल्डिंगचा थर चढवून घासून देतो म्हणून सांगितलं. मी नाही म्हटलं. ब्रेकच्या बीडाला तापवून उगाच तडा जायची जोखीम कशाला? नवा ब्रॅकेट घेणार आहे, भंगारातला नको, त्याचीही जागा झिजलेलीच असणार. दिवाळीचा माल सुटला की ते काम काढतो, तेव्हाच ब्रेक ऑइलही बदलायचंय. दोन वर्षं झाली, डबीतलं ऑइल चहासारखं दिसायला लागलंय.