नाट्यगृहाला निधी हवाय: सह्यांची मोहीम की थेट अंदाजपत्रक?

सह्यांची मोहीम पटकन पेटते, पण तिला निमित्त लागतं. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत जळालं, अख्खं शहर हळहळलं आणि सरकारला पुनर्बांधणीचं आश्वासन द्यावंच लागलं. मोठ्या रकमेसाठी असाच दबाव लागतो. मात्र गळकं छत, बंद पडलेला एसी, ग्रीनरूममधला तुटका नळ यांसाठी कोण मोर्चा काढणार?

तिथे दुसरा रस्ता बरा. पुणे महापालिकेत २००६ पासून नागरिकांना अंदाजपत्रकासाठी आपल्या भागातली कामं सुचवता येतात. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्यायचा, तोही अंदाजपत्रक ठरण्याच्या कितीतरी आधी. काम कंटाळवाणं, फोटो छापून येत नाही! शिवाय या वाटेने बहुतेक पदपथ, दिवे, बाकडी अशीच कामं येतात. ‘सांस्कृतिक कार्यक्रमांसाठी तरतूद वाढवा’ अशी मोघम सूचना तिथे टिकणं कठीण. ‘अमुक सभागृहाची ध्वनियंत्रणा दुरुस्त करा’ असं नेमकं लिहिलं, तर निदान संबंधित अभियंत्याला त्याचा खर्च काढता येतो.

मला विचाराल तर आधी अर्ज, सह्या नंतर. मात्र तरतूद झाली म्हणजे खर्च झाला असं नाही. आर्थिक वर्षअखेरीस, म्हणजे मार्चमध्ये, पैसा दुसरीकडे वळवला जातो; तेव्हा जानेवारीतच माहिती अधिकारात खर्चाचा तपशील मागवावा. दहा रुपयांचं शुल्क लागतं, आणि उत्तराला तीस दिवसांची मुदत असते.