अ‍ॅम्पचा इनपुट जॅक: जुनाच सुधारावा की नवा बसवावा?

अ‍ॅम्प्लिफायरच्या इनपुट जॅकमध्ये, म्हणजे केबल खुपसायच्या सॉकेटमध्ये, केबल जरा हलली की खरखर, दाबून धरली की आवाज स्वच्छ. आधी दुसरी केबल लावून बघा. तरीही खरखर थांबली नाही तर दोष बहुधा जॅकचाच.

मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत जॅकच्या पत्त्यांवर (प्लगला टेकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर) काळपट थर चढतो. तेवढंच असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर (असे जोड साफ करणारा फवारा) मारून प्लग काही वेळा आत-बाहेर करा. आतल्या सर्किट बोर्डावरचं सोल्डर (जॅकचे पाय बोर्डाला जोडणारा, वितळवून लावलेला धातू) तडकलं असेल तर जॅकच्या पायाभोवती केसाएवढी बारीक गोल रेघ दिसते. जुनं सोल्डर शोषून घ्यायचं, नवं भरायचं. मला हाच मार्ग आधी पटतो, कारण अख्खा जॅक उपटताना बोर्डाची तांब्याची पट्टी सुटून येण्याची भीती असते आणि ती गेली की काम फार वाढतं.

प्लास्टिक चिरलं किंवा पत्तीची पकड गेली असेल तर मात्र डागडुजी नको, नवाच बसवा. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात ६.३५ मिमीचा जॅक मिळतो, पण जुना सोबत न्याच. मोनो की स्टिरिओ, पाय किती, हे जुळायला हवं. जॅकमधला स्विचही बघा: बऱ्याच अ‍ॅम्पमध्ये प्लग काढल्यावर तोच इनपुट ग्राउंडला जोडतो. बिनस्विचचा लावलात तर केबल नसतानाही अ‍ॅम्प गुणगुणत राहील. बाहेरचा नट नीट आवळा, नाहीतर सगळा ताण पुन्हा सोल्डरवर येतो.

व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारा, अ‍ॅम्प मात्र घरी उघडूच नका. वीज बंद केल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) शेकडो व्होल्ट उरू शकतात. तो जाणत्या कारागिराकडेच द्या.