आघातानंतर किशोरांसाठी गट: शाळेतील नेहमीचा की श्रद्धेचे भान ठेवणारा?

गावात दंगल किंवा जाळपोळ होऊन गेल्यावर उर्दू शाळेचे मुख्याध्यापक आणि मशिदीचे विश्वस्त यांच्यासमोर हा प्रश्न येतो. बुलढाणा-अकोल्याच्या पट्ट्यात समुपदेशन करताना मी दोन्ही प्रकारचे गट जवळून पाहिले आहेत. मात्र घटनेनंतरच्या पहिल्या महिन्यात यांपैकी कोणताही गट सुरू करण्याची घाई करू नये. मुलांना एकदाच एकत्र बसवून घडलेले सारे बोलून घेण्याच्या बैठकीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनाही करत नाही. शिवाय शाळा, झोप आणि जेवण यांची घडी पुन्हा बसली की बरीच मुले आपोआप सावरतात.

शाळेतील गटाचा परिचित नमुना म्हणजे अमेरिकेत लॉस एंजलिसच्या शाळांतून आघात झालेल्या मुलांसाठी तयार झालेला ‘सीबिट्स’ हा कार्यक्रम. त्यात 10 सामूहिक बैठका असतात आणि प्रत्येक मुलासाठी 1 ते 3 वैयक्तिक भेटी असतात. घटनेचा तपशील मूल मुख्यतः या वैयक्तिक भेटीत सांगते, म्हणून एकाच्या आठवणीचा भार दुसऱ्यावर पडत नाही. या पद्धतीचा परिणाम अभ्यासांतून तपासला गेला आहे, आणि सर्व समाजांची मुले एकत्र बसू शकतात, हा मिश्र वस्तीच्या गावात लहान फायदा नव्हे.

तिची मर्यादा मला नववीच्या एका मुलामुळे कळली. प्रमाण मराठीतल्या प्रत्येक प्रश्नाला तो ‘काही नाही, सर’ एवढेच म्हणत असे. एके दिवशी बाहेर पानटपरीचे शटर धाडकन खाली आले आणि त्याने दोन्ही हातांनी बाक घट्ट धरला. सगळे गेल्यावर तो हळूच म्हणाला, ‘नमाज में बी वोइच आवाज आती सर, गुनाह होता क्या?’ आमच्या हातातील कार्यपुस्तिकेत या प्रश्नासाठी जागाच नव्हती.

श्रद्धेचे भान ठेवणाऱ्या गटात तंत्रे बहुतांशी तीच असतात: श्वास संथ करणे, टाळलेल्या गोष्टींकडे टप्प्याटप्प्याने जाणे, स्वतःला दोष देणारे विचार तपासणे. फरक एवढाच की वरील प्रश्न तिथे उघडपणे विचारता येतो. रडलो म्हणजे सब्र (धीर) सुटला, असे मानणाऱ्या मुलाला पैगंबर हजरत याकूब यांची आठवण करून देता येते; मुलगा यूसुफ याच्या विरहाने त्यांचे डोळे पांढरे पडल्याचे कुरआनातच आहे, आणि ‘सुंदर सब्र’ हे शब्दही त्यांचेच आहेत. अमेरिकेत सोमाली समाजासोबत तयार झालेला 6 बैठकांचा ‘इस्लामिक ट्रॉमा हीलिंग’ हा कार्यक्रम पैगंबरांच्या अशाच कथांवर आणि दुआवर उभा आहे. परंतु तो प्रौढांसाठी रचलेला आहे. किशोरांसाठी तो जसाच्या तसा उचलू नये.

या प्रकारातला मोठा धोका म्हणजे गटाचे प्रवचन होणे. मौलानासाहेब गावातल्या प्रत्येक मुलाच्या अब्बूंना ओळखतात, त्यामुळे त्यांच्यासमोर कोणताही मुलगा नमाज सुटल्याचे किंवा सूडाचे विचार येत असल्याचे कबूल करणार नाही. त्यांना धार्मिक शंकांसाठी एका बैठकीला बोलवावे आणि गट प्रशिक्षित समुपदेशकाकडेच ठेवावा. मुलींचा गट वेगळा आणि त्याची संचालिका स्त्री असावी, अन्यथा अम्मी पाठवणार नाहीत. जागा शक्यतो शाळेचीच घ्यावी: बंदोबस्त असलेल्या गावात मशिदीत रोज जमणारी पोरे लोकांच्या नजरेत भरतात, वर्गात जमलेली भरत नाहीत. वेळ असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाच्या, आधीची बरी. खर्चात फारसा फरक पडत नाही.

माझे मत असे की उर्दू बोलणारा प्रशिक्षित समुपदेशक मिळत असेल, तर उर्दू शाळेने दुसरा प्रकार निवडावा. मिश्र शाळेत पहिला प्रकार ठेवून अशा प्रश्नांसाठी वैयक्तिक भेटीत वाट करून द्यावी. केवळ उत्साह आहे आणि प्रशिक्षण नाही, अशा वेळी दुसऱ्या प्रकाराचा हट्ट धरू नये. जीव देण्याची भाषा करणाऱ्या मुलाला मात्र कोणत्याही गटाच्या भरवशावर न ठेवता त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात न्यावे. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो.

समुपदेशक ठरवण्याआधी त्यांना एक प्रश्न जरूर विचारावा: नमाज न पढणारा मुलगा तुमच्या गटात आला, तर तो तिथे काय करील?