चेहरा धरून ठेवणारा, बोट सोडून देणारा कॅमेरा : सात महिन्यांचा अनुभव

गेल्या आठवड्यातील अपडेटनंतर बैठकीच्या खोलीतील व्हिडिओ कॉलच्या कॅमेऱ्याचे ऑटो फ्रेमिंग (बोलणाऱ्याचा चेहरा स्वतःहून जवळ घेण्याची सुविधा) आपोआप पुन्हा सुरू झाले आणि त्याच दुपारी भलताच व्हॉल्व्ह उघडला गेला, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. सहकारी फळ्यावरील पंपाच्या आकृतीवर बोट ठेवून "हा आधी उघडा" असे सांगत होता. तो बोलू लागताच कॅमेऱ्याने त्याचा चेहरा जवळ घेतला, हात कोपरापासून चौकटीबाहेर गेला आणि पलीकडच्या माणसाने तीनपैकी मधला व्हॉल्व्ह उघडला.

चित्र आणि आवाज उत्तम आहेत. परंतु चेहरा मध्यभागी ठेवणे हेच या सुविधेचे काम आहे, हे सेवा केंद्राचे दोनदा मिळालेले उत्तर मला मान्य नाही. "हा", "तो", "इथून" हे शब्द बोट दिसल्याशिवाय अर्धेच राहतात.

तरीही सगळा दोष कॅमेऱ्याला देणे चूक होते, हे मला तिसऱ्या महिन्यात फ्रेमिंग बंद केल्यावर उमगले. प्रत्येकाच्या पडद्यावर चेहऱ्यांची मांडणी वेगळी असते, त्यामुळे पडद्यावरील एखाद्याकडे बोट दाखवले तर ते कोणाकडे आहे हे कोणालाच कळत नाही. थेट कॅमेऱ्याकडे दाखवले तर प्रत्येकाला ते आपल्याकडेच वाटते. शिवाय स्वतःची प्रतिमा बहुधा आरशासारखी उलटी दिसते, इतरांना मात्र सुलटी, म्हणून "डावीकडचा" म्हणतानाही घोटाळा होतो. नाव घेऊन बोलण्यास पर्याय नाही.

जपानमधील एनटीटी या दूरसंचार कंपनीच्या हिरोशी इशी आणि मिनोरू कोबायाशी यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या क्लिअरबोर्ड या दूरसंवादाच्या यंत्रणेत दोन माणसे जणू एकाच काचेच्या दोन बाजूंनी चित्र काढत, आणि समोरच्याचा हात व नजर नेमकी कुठे आहे हे दोघांनाही दिसे. त्यातील हाताचा भाग आम्हाला एका जुन्या फोनने मिळवून दिला. तो स्टँडला लावून टेबलावर खाली तोंड करून ठेवला, माइक व स्पीकर बंद करून वेगळा सहभागी म्हणून बैठकीत घेतला, आणि आकृती कागदावर काढू लागलो. पेन्सिलीचे टोक ज्या रेषेवर टेकते तेच पलीकडे दिसते. एवढ्या साध्या जोडणीने झालेला आनंद महागड्या कॅमेऱ्याने सात महिन्यांत दिला नाही, आणि दुसऱ्या खोलीसाठी तो कॅमेरा मी घेणार नाही.

अपडेटने आमची निवड बदलू नये, अशी लेखी मागणी सेवा केंद्राकडे केली आहे. उत्तर येईपर्यंत प्रत्येक बैठकीपूर्वी एक जण फळ्यापाशी हात पसरून उभा राहतो आणि दुसरा पडद्यावर बोटे दिसतात का ते पाहतो.