ड्राय जॉइंट मॅनिफोल्ड : दोन हंगामांनंतरचा अभिप्राय

बेळगावच्या उद्यमबागेत बिडाच्या कास्टिंगचे मशीनिंग करण्यात माझे निम्मे आयुष्य गेले, तरी बोटीच्या एग्झॉस्ट मॅनिफोल्डशी, म्हणजे सिलिंडरमधला जळालेला वायू गोळा करणाऱ्या कास्टिंगशी, गाठ पडली ती चोर्ला घाट उतरून गोव्यात गेल्यावरच. तिघा मित्रांच्या भागीदारीतली आमची जुनी बोट मांडवीच्या खाऱ्या पाण्यात असते आणि तिला पेट्रोलवर चालणारे व्ही-8 इनबोर्ड (बोटीच्या आत बसवलेले) इंजिन आहे. मॅनिफोल्ड आणि त्यावरचा एल्बो (वायू पुढे वळवणारी वाकडी नळी) यांच्यामधला मूळचा वेट जॉइंट काढून आम्ही दोन हंगामांपूर्वी पूर्ण ड्राय जॉइंट सेट बसवला.

अशा मॅनिफोल्डला दुहेरी भिंत असते : आतून तापलेला वायू जातो आणि बाहेरच्या जॅकेटमधून पाणी फिरते. हेच पाणी पुढे एल्बोमध्ये वायूत मिसळते, म्हणून त्यापुढचा रबरी होज जळत नाही. वेट जॉइंटमध्ये वायूचे तोंड आणि पाण्याची छिद्रे एकाच फ्लँजवर (बोल्टने जोडायच्या सपाट पृष्ठावर), एकाच गॅस्केटखाली असतात आणि दोहोंच्या मध्ये बिडाची जेमतेम एक अरुंद कड असते. ती कड मिठाने खाल्ली, की इंजिन बंद असताना एल्बोतले पाणी एग्झॉस्टच्या वाटेने झिरपते आणि ज्या सिलिंडरचा एग्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल त्यात उतरते. पाणी दाबले जात नाही. स्टार्टर मारताच कनेक्टिंग रॉड वाकला, तर इंजिन खोलण्यावाचून गत्यंतर नसते.

आमच्यावर ती वेळ आली नाही. पावसाळ्यानंतर एका स्पार्क प्लगवर गंज दिसला म्हणून एल्बो उतरवला, तर गॅस्केटवर पाण्याच्या छिद्रापासून एग्झॉस्टच्या तोंडापर्यंत तांबूस रेघ उमटलेली होती. तिथल्या मेकॅनिकने नवे गॅस्केट टाकून हंगाम काढण्याचा सल्ला दिला. मी मात्र एल्बो गाडीत घालून बेळगावला आणला आणि सरफेस प्लेटवर (सपाटी तपासायच्या पाटावर) ठेवून पाहिला. फ्लँजची सपाटी फेसिंग करून परत आणता आली असती, पण मधली कड निम्मीही उरली नव्हती, आणि गेलेले बीड कोणतेही मशीन परत आणून देत नाही.

ड्राय जॉइंटची कल्पना साधी आहे. बोटींची इंजिने बनवणाऱ्या मर्क्रूझरने 2002 च्या सुमारास ती आपल्या इंजिनांवर आणली. पाण्याचा मार्ग वायूच्या तोंडापासून दूर, वेगळा ठेवलेला असतो. सांधा गळलाच तर पाणी सिलिंडरमध्ये न जाता बाहेर बिल्जमध्ये (बोटीच्या तळाच्या पोकळीत) ठिबकते आणि डोळ्यांना दिसते. मला या रचनेतला सर्वांत मोठा गुण हाच वाटतो. गळती कधीच होणार नाही असे ती म्हणत नाही, फक्त गळतीला निरुपद्रवी दिशा देते. आमच्या नव्या सेटची फ्लँज मी बसवण्याआधी तपासली, तेव्हा 0.05 मिमीचे फिलर गेज (फट मोजायची पातळ पत्ती) कुठेही आत शिरले नाही. जॅकेटच्या एका कोपऱ्यात मात्र ओतकामात पोकळी घडवणाऱ्या कोअरची चिमूटभर वाळू राहिलेली होती. फाउंड्रीवाल्याच्या नजरेतून हे सुटत नाही. सामान्य ग्राहकाने मॅनिफोल्ड बसवण्याआधी आतून पाण्याच्या जोरदार धारेने धुऊन घ्यावे.

तक्रारी आहेत. पाण्याचा गारवा न मिळाल्याने हा सांधा पूर्वीपेक्षा बराच जास्त तापतो. त्याच्या आसपासचा रंग पहिल्याच हंगामात करपला आणि बोल्ट काढताना पूर्वीपेक्षा जास्त झगडावे लागले. इथले गॅस्केट सुटले तर इंजिनरूममध्ये कार्बन मोनॉक्साइड साचू शकतो, आणि या वायूला रंगही नसतो, वासही नसतो. म्हणून केबिनमध्ये त्याचा अलार्म लावणे ही चैन नव्हे. जुना एल्बो आणि नवा मॅनिफोल्ड असा मेळ बसत नाही, दोन्ही बाजूंचा सगळा संच एकदम घ्यावा लागतो, त्यामुळे खिशाला चाट बसतेच. शिवाय जॅकेटच्या भिंती पूर्वीसारख्याच गंजत राहतात. खाऱ्या पाण्यात मॅनिफोल्डचे आयुष्य साधारण 5 वर्षे धरण्याचा रिवाज आहे. ड्राय जॉइंटमुळे सांध्याचे आयुष्य वाढते, त्याआडच्या भिंतीचे नाही. ज्या इंजिनात मॅनिफोल्डमधूनही बंद सर्किटचे कूलंट (समुद्राच्या पाण्याऐवजी तेच ते थंड करणारे द्रव) फिरते, तिथे ही भिंत अधिक टिकते, पण एल्बोत समुद्राचेच पाणी येत असल्याने त्याकडे लक्ष द्यावेच लागते.

घटप्रभेवरच्या हिडकल किंवा मलप्रभेवरच्या नविलुतीर्थ धरणासारख्या गोड्या पाण्यात बोट चालवणाऱ्याला मी हा खर्च सुचवणार नाही. चांगल्या अवस्थेतला वेट जॉइंट दरवर्षी उघडून पाहिला आणि गॅस्केट वेळेवर बदलले, तर तो तिथे वर्षानुवर्षे चालेल. मांडवीत किंवा कारवारच्या किनाऱ्यावर बोट ठेवणाऱ्याने मात्र पुढच्या वेळी एल्बो बदलायची वेळ आली, की थेट ड्राय जॉइंट घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

या वर्षी पावसाळ्याआधी इंजिन गोड्या पाण्याने धुऊन डाव्या बाजूचा एल्बो उतरवला. सांध्याचे तोंड कोरडे आणि काजळीने काळे होते, तांबूस रेघ कुठेच नव्हती, आणि आठही प्लग स्वच्छ निघाले. उजव्या बाजूचा एल्बो सप्टेंबरमध्ये उतरवायचा आहे.